हसल्याबद्दल खुलासा

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. माझी कंबर धरली आहे, तेव्हा तो इस्त्रीच्या टेबलाला टेकून केलाय असं समज. तू मात्र यापुढे कोणालाही नमस्कार करू नकोस; कारण पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी सांगत होती की तू गुडघ्याला तेल चोळतोस आणि त्याच तेलकट पायानं जिना उतरायला जातोस. जपून राहा. इकडे सगळं ठीक. हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रोज नव्या माणसाच्या हातून मरता मरता वाचतात, माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान लोकांच्या डागांवर बरं चाललंय, आणि तुझी भाची हसली म्हणून विमा कंपनीनं तिच्या उपचारांचे पैसे बंद केलेत. बाकी विशेष काही नाही.

मागच्या आठवड्यात मी तुला फोनवर ‘या रविवारी तिला भेटायला येऊ नकोस’ एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. ते तू मनाला लावून घेतलंस असं कळलं. (मनाला लावून घेतलंस की तू दुप्पट जेवतोस, तेही कळलं.) म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. गिऱ्हाईक आलं की मध्येच उठेन, त्यामुळे अक्षराला आणि विचारांना सुरकुत्या पडतील, त्या चालवून घे.

तुला मुळापासून सांगते. ठेंगू (हे नाव तूच ठेवलंस, आता ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे) आधी शाळेत जायची बंद झाली, मग धड जेवायची, मग बोलायची. हे तुला माहीत आहे. माहीत नसलेलं असं की, एकदा मी भाजी चिरत होते, तर ओट्याशी येऊन ‘आई, मला आता जगायचा कंटाळा आलाय’ असं ती म्हणाली, मीठ कुठे ठेवलंय विचारावं तशी. तेव्हापासून मला भीती वाटते. दुकानात, रस्त्यात, झोपेत, कुठेही. एवढं एक सरळ लिहिते, बाकीचं मला तिरकं लिहिल्याशिवाय लिहवत नाही.

तर डॉक्टरांनी सांगितलं की हिला काही महिने मानसोपचार केंद्रात ठेवूनच उपचार करायला हवेत. आम्ही म्हटलं, काळजी नाही, आपली पॉलिसी आहे. ती ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं विकली होती. तो रिव्हर्स घेताना मागे बघत नसे. विकताना पुढचंही बघितलं नसावं. कंपनीनं आधी विचारलं की मुलीला घरी ठेवून, रोज दवाखान्यात आणून उपचार का होत नाहीत? जी मुलगी अंथरुणातून उठत नाही म्हणून हा सगळा घाट, तिला रोज कशी आणायची, हे त्यांच्या अर्जात विचारलेलं नव्हतं. पुष्कळ रडारड झाल्यावर मंजुरी मिळाली, तीही आठवड्या-आठवड्यानं. दर आठवड्याला कंपनीचे एक डॉक्टर कागद बघून ठरवतात की पोरीनं तिथे राहायचं की नाही. हे गृहस्थ हाडांचे डॉक्टर आहेत. त्यांनी ठेंगूला कधी पाहिलेलं नाही, पण तिच्या मनाविषयी त्यांची मतं अगदी टणक आहेत.

त्यांचा नियम असा की, सुधारणा दिसत नसेल तर उपचार निरुपयोगी, म्हणून पैसे बंद. सुधारणा दिसली तर उपचारांची गरज संपली, म्हणूनही पैसे बंद. म्हणजे पोरीनं बरं व्हायचं, पण कंपनीच्या डोळ्यावर येणार नाही इतपतच. प्लास्टरमधल्या माणसानं पायाचा अंगठा हलवला की हे त्याला लगेच जिना चढायला लावतात का, असं मला विचारायचं होतं. पण त्यांना फोन लावला की आधी बासरी लागते. ‘आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ आणि बासरी. त्या बासरीच्या नादात मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाहीवर इस्त्री विसरले. आता त्या कोटाला पाव बाही कमी आहे आणि माझ्याकडे त्या माणसाचा चेहरा बघायची हिंमत.

अशा नाजूक वेळी तू भेटीला आलास. केंद्राच्या दारात पट्टे, बुटांच्या नाड्या, ओढण्या, सगळं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये काढून ठेवतात. आतल्या मुलांच्या हाती तसलं काही लागू नये म्हणून. तू निमूटपणे पट्टा दिलास. आता, मापं देताना तू जन्मभर कंबरेचं माप पोट सैल सोडून दिलंस आणि गुडघ्याच्या दुखण्यात ते पोटच उतरलं, तेव्हा तुझी पॅन्ट केवळ पट्ट्याच्या भरवशावर उभी आहे, हे मला धंद्यातली असून सुचलं नाही. सबंध वेळ तू डावा हात कमरेवर ठेवून बसलास. मला वाटलं, गुडघ्याबरोबर कंबरही गेली. आणि मग मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. बाबांनी आपल्याला आयुष्यात शिस्त म्हणून एवढीच लावली की, मोठं माणूस आलं की उठून उभं राहायचं आणि दोन्ही हात जोडायचे. तू उठलास. दोन्ही हात जोडलेस. पॅन्टनंही पार खाली वाकून नमस्कार केला.

पुढचं तुला दिसलं नाही, कारण तू ती शोधायला वाकला होतास. डॉक्टरीणबाई अत्यंत गंभीरपणे खिडकीतून गाड्या बघू लागल्या. तुझी चट्ट्यापट्ट्यांची चड्डी सगळ्या खोलीनं पाहिली. ठेंगूच्या तोंडून आधी नुसती हवा सुटल्यासारखा आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. मग ती हसली रे. लहानपणी हसायची तशी, पोट धरून, श्वास संपला की घेऊन पुन्हा तुझ्याकडे बघून. मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेले आणि कूलरला टेकून रडले. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू आधीच पुरेसा उघडा पडला होतास.

तिथल्या सिस्टर फार भल्या. त्यांनी रोजच्या नोंदीत लिहिलं, ‘मामांसोबत खळखळून हसली. रात्री पूर्ण जेवली.’ ती नोंद कंपनीकडे गेली आणि कंपनीचं पत्र आलं की, लक्षणीय सुधारणा झाल्यानं केंद्रात राहण्याची आवश्यकता उरलेली नाही. म्हणजे मानसोपचाराची मोठमोठी पुस्तकं लोक उगीच वाचत बसले. गावोगाव एकेक मामा आणि एकेक सैल पॅन्ट नेमली की काम भागतं.

आम्ही फेरविचाराची मागणी केली. ह्यांचं म्हणणं, तो ठसका होता असं कळवून टाकू. (हे भांडणाला घाबरतात. मी फोनवर आवाज चढवला की ह्यांचा उजवा पाय खुर्चीत बसल्या जागी ब्रेक दाबतो.) बासरी संपून हाडांचे डॉक्टर स्वतः फोनवर आले तेव्हा दुकानात रांग लागली होती. त्यांनी वकिलासारखं विचारलं, मुलगी हसली हे खरं की खोटं? खोटं म्हणणं जिभेवर होतं. पण ते हसणं खोटं म्हणायचं माझ्यानं होईना.

“हसली,” मी म्हणाले. “तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही हसला असतात. पण तुम्ही बरे झालात म्हणून तुम्हाला कुणी घरी पाठवलं नसतं.”

पाव बाहीवाले गृहस्थही रांगेत होते. ते कोट न मागताच निघून गेले. डॉक्टर म्हणाले, कळवतो.

तर तुला माझी हात जोडून विनंती (मी पट्टा वापरत नाही), निर्णय लागेपर्यंत तिला भेटायला येऊ नकोस. तू दिसलास की ती हसणार, हसली की सिस्टर लिहिणार, लिहिलं की पोरगी अर्धवट उपचारांनिशी घरी, आणि मी पुन्हा त्या ओट्याशी. तोवरचं केंद्राचं बिल भरायला ह्यांनी शिकवणीची जुनी गाडी विकायला काढलीय, पण तिला दोन्ही बाजूंना ब्रेक आहेत आणि बघायला येणाऱ्या नवरा-बायकोंना ते पटत नाही. काल आम्ही दोघंच भेटून आलो. मामा कुठे आहे असं तिनं विचारलं. मी तुझा गुडघा पुढे केला. ‘बरं’ म्हणून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. शांत होती, म्हणजे कंपनीच्या दृष्टीनं उत्तम.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी बहीण

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. कंपनीची मंजुरी आली! पुढचे पैसे मिळणार. ह्यांनी दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर माझा हात धरला, पहिल्यांदाच. मीही खूश होते, सोबत जोडलेली नोंद वाचेपर्यंत. रविवारची होती: ‘आई-वडील गेल्यावरही फाटक बंद होईपर्यंत खिडकीशी उभी होती. मामा येतील म्हणत होती. रात्री जेवली नाही. बराच वेळ रडली.’ आणि खाली हाडांच्या डॉक्टरांची सही, की उपचारांची गरज सिद्ध होते.

ता. क. चा ता. क. वरचं सगळं पत्र रद्द समज. ती खिडकीशी शांत नव्हती, दादा, तुझी वाट बघत होती, आणि मला ते माझ्या पोरीच्या पाठीवरून कळलं नाही. या रविवारी ये. कंपनीचं काय करायचं ते मी बघेन, गाडी विकली जाईल तेव्हा जाईल. येताना पट्टा लावून ये, दारात ते काढून घेतातच. आणि डॉक्टरीणबाई आल्या की बाबांनी शिकवलंय तसं उठून उभा राहा.