मागच्या बाकावरून पाहिलेले

चिंचवड, गुरुवार, १२ फेब्रुवारी १९७६

प्राचार्यांनी आज सभेत सांगितले की, आमचे शिक्षक शिंदे यांना अध्यापनास अयोग्य मी ठरवले. हे असत्य आहे. कारखान्यात रात्रपाळी करून आलेली मुले वर्गात पेंगतात. ते पाहवत नाही म्हणून शिंदे फळ्याकडे तोंड करून शिकवत. पाठ पाहण्याचे काम माझ्याकडे असल्याने मागच्या बाकावर बसून मी ते पाहिले आणि त्यांना एकांतात म्हणालो, "पेंगणाऱ्याकडेही बघून बोला." शिंदे यांनी भाबडेपणाने ते प्राचार्यांना सांगितले, आणि त्याच आधारे आज त्यांना काढले. किळस आली. फळ्याकडे तोंड म्हणे. प्राचार्य त्या वर्गात कधी आले होते?

निघताना फाटकापाशी शिंदे मला एवढेच म्हणाले, "सर, काल दोघं जागे राहिले."

उद्या संस्थेला कळवायचे:

२ फेब्रुवारी: फळ्याकडे तोंड.
३ फेब्रुवारी: आमचे बोलणे.
११ फेब्रुवारी: मुलांकडे तोंड.
१२ फेब्रुवारी: बडतर्फ.