न दिलेलं शिफारसपत्र

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज जे सांगायला बसलेय, ते तुम्ही असताना सांगायची सोय नव्हती. म्हणजे सोय दर रविवारी होती, धीर नव्हता. लिस्बनच्या फेलोशिपसाठी तुम्ही मला जे शिफारसपत्र लिहून दिलं होतंत, ते मी अर्जाला जोडलंच नाही. तुम्ही शेवटपर्यंत समजत राहिलात की तुमच्या पत्रामुळे मला ती मिळाली. आणि गेल्या महिन्यात मी या सगळ्यावर कळस चढवला आहे. तो सांगण्याआधी मला थोडा वेळ तुमच्या स्वयंपाकघरात बसू द्या.

ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागे तुमचं दोन खोल्यांचं घर. बाहेरची खोली पुस्तकांनी अडवलेली, म्हणून आपली शिकवणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी डोंबिवलीहून साडेनऊला पोचते, काकू टेबल तीनदा कोरडं पुसतात, आणि तुम्ही कापडात बांधलेल्या मोडी कागदांच्या नकला सोडता. कागदाजवळ चहा आणायचा नाही हा घरचा कायदा, त्यामुळे आपण दोघं मोरीपाशी उभे राहून चहा प्यायचो. काकू म्हणायच्या, "पंगतीत पान नाही मिळालं की माणसं अशी उभी राहतात." बाहेर डेपोत भोंग्यावरून गाड्यांची नावं पुकारत असायचे आणि टेबलावर गोव्याच्या दरबारातला मराठ्यांचा वकील आपल्या धन्याला पत्र लिहीत असायचा. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, हे पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलं होतंत. एका दरबारानं दुसऱ्या दरबारी ठेवलेला माणूस. त्यानं तिथे गोड बोलायचं आणि घरी खरं लिहायचं. मला तेव्हा हे काम फार सोपं वाटलं होतं.

"लढायांना देणगीदार मिळतात गं, तहांना कोण विचारतो?" हे तुमचं ठरलेलं वाक्य. किल्ल्यावर व्याख्यान दिलं की शाल आणि नारळ, वकिलांच्या पत्रव्यवहारावर काम करतो म्हटलं की "सध्या निधी उपलब्ध नाही". तुम्ही स्वतः तीनदा अर्ज केलात. तिन्ही नकार एका टाचणीत लावून कपाटात ठेवलेले मी पाहिले आहेत. तुम्ही त्याबद्दल कधी कुरकुरला नाहीत, ते खातं काकूंकडे होतं.

तुम्ही मला एकदाच खरं रागावलात. एका पत्राचा कोपरा वाळवीनं खाल्ला होता आणि मी नक्कल करताना तिथले शब्द अंदाजानं भरून टाकले. मोठ्या ऐटीत तुमच्यापुढे ठेवले. तुम्ही चष्मा काढलात. "हे कुठून आणलंस?" मी म्हटलं, संदर्भावरून, सर. "कागदाला भोक आहे. तिथे कंस काढ, टिंबं दे आणि पुढे जा. भोकं बुजवायला तू काय गवंडी आहेस?" मला रडूच आलं. काकूंनी हातावर बेसनाचा लाडू ठेवला, तोसुद्धा मोरीपाशी नेऊन.

मग ती फेलोशिप जाहीर झाली. एक वर्ष, थोडं गोव्यात, बाकीचं लिस्बनच्या दप्तरखान्यात. आपल्या विषयाला असं काही मिळू शकतं यावर माझा विश्वासच बसेना. तुम्ही आठवडाभर विचार करून पत्र लिहिलंत, पाकीट चिकटवलंत, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही केलीत आणि माझ्या हातात दिलंत. घरी आई भाजीला गेली होती. मी गॅसवर पाणी ठेवलं. एकमेकांना चिकटलेले जुने कागद वाफेवर धरून कसे सोडवायचे हे तुम्हीच शिकवलं होतंत, सर, आणि ती विद्या मी पहिल्यांदा तुमच्याच पाकिटावर वापरली. सही जराही पसरली नाही. आत चार ओळी. उमेदवार कष्टाळू आहे. मोडी वाचन मध्यम, पोर्तुगीज कच्चं. निष्कर्ष काढायची घाई करते. जे समजलेलं नाही ते समजलं असं मात्र सांगत नाही. बस्स. खाली तुमचं नाव.

मला तुमचा संताप आला. पाच वर्षं रविवार दिले आणि पदरात काय, तर मध्यम! मी मुंबईच्या एका मोठ्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांना मी त्याआधी दोनदाच भेटले होते. त्यांच्याकडे मजकूर तयारच असायचा, नावाची जागा तेवढी मोकळी. लेखनिकानं दहा मिनिटांत माझं नाव घातलं आणि मी 'असामान्य प्रतिभेची अभ्यासक' झाले. ते पत्र जोडलं. तुमचं साड्यांच्या कपाटात गेलं, सर्वांत खालच्या घडीखाली.

निकाल लागला तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आणि एकदाच आमच्या डोंबिवलीच्या घरी आलात. खाकी कागदात गुंडाळलेला जुना पोर्तुगीज शब्दकोश आणलात, तुमचा स्वतःचा, समासात तुमच्या बारीक नोंदी असलेला. बाबा हात जोडून म्हणाले, "सर, तुमच्या एका पत्रानं पोरीचं सोनं झालं." तुम्ही असे लाजलात! "चला, माझा कागद कुठेतरी चालला म्हणायचा," असं म्हणालात. तुमचे तीन नकार मला आठवले आणि मी चहा टाकायला आत गेले. पुढे स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात, कुठेही तुम्ही ही गोष्ट सांगायचात आणि मी शेजारी उभी राहून मान डोलवायचे. ती गोष्ट तुमच्याकडून काढून घेणं मला कधीच जमलं नाही. खरं सांगायचं तर ती काढून घेतली असती तर माझंही बरंच काही गेलं असतं.

आता गेल्या महिन्याचं. ठाण्यातल्या एका विश्वस्त संस्थेनं राजनयाच्या इतिहासासाठी एक फेलोशिप सुरू केली आहे. हो, आपल्या विषयासाठी, तुम्ही असायला हवे होतात. निवड समितीत आम्ही पाच जण. अर्जांबरोबरची शिफारसपत्रं वाचून मी थकले. सगळेच असामान्य, सगळेच प्रतिभावान. एकच पत्र वेगळं होतं. मुलगी बाळकुमची, कोळ्यांच्या घरातली. तुमच्या वेळी तिथे शेतं होती, आता टॉवर आहेत आणि टॉवरांच्या मधे तिचा गावठाणातला पाडा. विषय, खाडीतल्या जकातीच्या नाक्यांवरून मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात झालेली बोलणी. तिच्या शिक्षकांनी लिहिलं होतं की वाचन चांगलं, भाषा कच्ची, सहा महिने जास्त लागतील.

अध्यक्ष परदेशांतल्या भारतीय वकिलातींत नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी कागद बाजूला सारला. "गुरूच इतकं थंड लिहितोय, तर आपण कशाला?" मुलाखतीत त्यांनी तिला तसं विचारलंही. ती म्हणाली, "सर, ते खरंच लिहिलंय त्यांनी. माझं पोर्तुगीज कच्चंच आहे. पण खाडी मला पाठ आहे ना. नाका कुठे होता ते नकाशात चुकलंय, मी दाखवते तुम्हाला." आणि तिनं दाखवलं. तरी ती बाहेर गेल्यावर चौघांच्या माना नकारातच.

तेव्हा मी बोलले, सर. म्हणाले की मला स्वतःला फेलोशिप मिळाली ती अशाच पत्रावर. माझ्या सरांनी लिहिलं होतं, मोडी मध्यम, पोर्तुगीज कच्चं, आणि निवडणाऱ्यांना त्या खरेपणाचीच किंमत कळली. आवाज जरासुद्धा कापला नाही. चारही ओळी मला पाठ होत्या, तशाच म्हणून दाखवल्या. अध्यक्षांनी बाजूला सारलेला अर्ज परत समोर ओढला आणि मुलीचं नाव नक्की झालं. ते इतके हलले होते की म्हणाले, त्या पत्राची प्रत असेल तर द्या, आपण कार्यालयात लावू, पुढच्या शिफारस करणाऱ्यांना नमुना म्हणून.

मी साड्यांखालून पत्र काढलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात त्याची झेरॉक्स काढली. मूळ पत्र दाखवणं शक्यच नव्हतं. पाठवलेलं मूळ पत्र पाठवणाऱ्याच्या घरी कसं, हे इतिहासाच्या माणसाला विचारावं लागत नाही. झेरॉक्स आता तिथे काचेत लागली आहे. खाली तुमचं नाव. लोक थांबून वाचतात. चांगलं वाटतं, सर, खोटं का बोलू? तुमचा कागद आता खरंच चालला. मी मात्र त्या भिंतीकडे न बघता आत जाते.

परवा दुपारी त्या मुलीचा फोन आला. कार्यालयात कागदपत्रं द्यायला गेली होती. आधी आभार मानले, आईनं सुकट पाठवलीय म्हणाली.

"मॅडम, एक विचारू? ते तुमच्या सरांचं पत्र वाचलं मी तिकडे. दोन-तीनदा वाचलं. त्याच्यावर आवकचा शिक्का नाहीये."

मी म्हटलं, कसला शिक्का?

"म्हणजे ऑफिसात पत्र आलं की मारतात ना, तारीख, नंबर. माझ्या अर्जाच्या प्रत्येक कागदावर मारलाय. तुमच्या पत्रावर कुठेच नाय. म्हणजे मॅडम, ते पोचलं होतं का? मी कुणाला नाय बोलणार. मला फक्त माहीत पाहिजे."

तुम्ही तिला डोक्यावर घेतलं असतंत. काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक होतं, एका शब्दाचं होतं. मी म्हटलं, "अगं, तुझा आवाज तुटतोय, इथे रेंज नाही," आणि फोन ठेवला.

रेंज पूर्ण होती, सर.