तू हात जोडले नव्हतेस

माय, परवा वाशीमला टीव्हीच्या इतिहासावरचा एक माहितीपट दाखवला आणि त्यात त्यांनी तुला भोळी करून टाकलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी ते ऐकून घेतलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आपल्याकडे टीव्ही यायला अजून अवकाश होता. वाशीमला शेतकी प्रदर्शन भरलेलं, अनसिंगहून आपण दोघी एसटीनं गेलो होतो. तंबूत काचेची पेटी, शेजारी कॅमेरा. समोर उभं राहील ते माणूस पेटीत दिसायचं. आपली पाळी येते. पेटीवाला म्हणतो, “हात जोडा बाई, सारे जोडून राह्यले.”

“काहून? कोन हाय त्याच्यात?”

“कोनी नाही. तुमीच दिसता.”

“मंग मी मलेच हात जोडू काय?”

तंबू हसतो, तू हसत नाहीस. आपल्या घरानं धम्म घेतला तेव्हापासून हात कुठं जोडायचे हे तुझं तू ठरवलं होतंस. तू कमरेवर हात ठेवून स्वतःकडे निवांत पाहत राहतेस. परतीच्या एसटीत मात्र हळूच विचारलंस, “मी एवढी वाळली का व?”

हे सारं मी त्या माहितीपटाच्या दिग्दर्शकाला सांगितलं होतं. पोरगा चांगला होता, मान डोलवत ऐकत होता. आणि पडद्यावर काय? कुठल्याशा अंगणात भंगारातला टीव्ही, त्यावर झेंडूचा हार, पुढं नव्याकोऱ्या लुगड्यांतल्या बाया हात जोडून. खाली अक्षरं: ‘अनसिंग’. मागून भारदस्त आवाज, “भोळ्याभाबड्या ग्रामीण स्त्रिया या पेटीला देव समजल्या.”

दिवे लागले तशी मी उभी राहिले आणि पुढं बसलेल्या दिग्दर्शकाला म्हणाले, असं झालंच नव्हतं. तो म्हणाला, “ताई, जुनं चित्रण मिळालं नाही. बजेटही नव्हतं, म्हणून प्रसंग उभा केला.”

“करा ना उभा. पण माझ्या मायनं हात जोडले नाहीत, हे दाखवायले जास्त पैसे लागले असते काय?”

“लोकांना असंच पाहायला आवडतं,” तो पुटपुटला.

“मीबी लोकच हाय.”

ते दृश्य काढा नाहीतर आमच्या गावाचं नाव तरी काढा, असं मी तिथंच बजावलं. पुन्हा कापाकापी परवडत नाही, म्हणाला. नसू दे. माहितीपट जिथं दाखवतील तिथं मी जाणार आणि उभी राहणार.

फक्त एक तुलाच सांगते. दिवे लागायच्या आधी आभाराच्या पाट्या सरकत होत्या, त्यात माझं नाव आलं. चुकीचं लिहिलेलं होतं, तरी शेजारच्या बाईला मी कोपरानं ढोसलं.