देवाजींनी उचललेला चेंडू

८ डिसेंबर, सोमवार
सिहोरा. जिल्हा शालेय बेसबॉल, एकोणीस वर्षांखालील मुलींचा अंतिम सामना. प्लेटमागे अंपायर मी, बेसवर राऊत. मैदानाला कुंपण नाही, नुसती चुन्याची रेघ, आणि रेघेला चिकटून गाव बसलेलं. आधीच दोन्ही संघांना सांगितलं होतं, चेंडू रेघेपलीकडे गेला की प्रत्येक धावणारीला दोन बेस पुढे. बसलेल्या लोकांना मात्र कोणी काही सांगितलं नाही. ते काम माझंच होतं.

शेवटचा डाव, बरोबरी, दोन बाद. साकोलीकडच्या संघाची माधुरी पहिल्या बेसवर. ती तिन्ही बेस पार करून घरी, म्हणजे होम प्लेटला, पोचली की रन आणि सामना त्यांचा. फटका डाव्या रेघेला धरून गेला. चेंडू आतच होता, सरपटत चाललेला. गळ्यात दुपट्टा घातलेला एक माणूस उठला, दोन पावलं आत आला, दोन्ही हातांनी चेंडू उचलला आणि धावत आलेल्या पोरीच्या हातात नीट दिला. गावच्या क्रिकेटमध्ये हेच करतात. चेंडू आला की अडवायचा आणि द्यायचा, नाहीतर पोरं ओरडतात.

मी दोन्ही हात वर केले. खेळ थांबला. माधुरीला तिसऱ्यावर, फटका मारणारीला दुसऱ्यावर उभं केलं. पुढची बाद. जादा डावात समोरच्यांनी एक रन काढला, यांना तो फेडता आला नाही. विभागीय स्पर्धेला समोरचे जाणार.

सामना संपल्यावर कळलं, तो दुपट्टेवाला माधुरीचा बाप. देवाजी. एकोडीहून पहिल्यांदाच लेकीचा खेळ बघायला आला होता.

९ डिसेंबर, मंगळवार
राऊतचा फोन. काल मैदानातही जवळ येऊन हेच पुटपुटला होता, तेव्हा ‘निर्णय झाला’ म्हणून त्याला गप्प केलं. आज तुमसरला घरी बसून ऐकावं लागलं.

“सर, बाबानं बॉल उचलला तवा पोट्टी तिसऱ्याच्या पुढं निघाली होती जी. समोरची पोट्टी अजून बॉलपाशी पोचली बी नव्हती. हात लागला नसता त ते आलीच होती.”

म्हटलं, तुझा अंदाज. तो म्हणाला, “अंदाज नाही सर. मी पायलो.”

नियमाचं पुस्तक काढलं. काढायची गरज नव्हती, पाठ आहे. प्रेक्षकाने चालू चेंडूला हात लावला की चेंडू त्या क्षणी मेला. मग अंपायरने ठरवायचं की हात लागला नसता तर कोण कुठवर पोचलं असतं, आणि त्यांना तिथे नेऊन उभं करायचं. दोन बेस असं कुठेही लिहिलेलं नाही. दोन बेस रेघेपलीकडच्या चेंडूला. मी आतल्या चेंडूला बाहेरचा नियम लावला.

पंचांच्या शिबिरात हा नियम मी शिकवतो. दरवर्षी. फळ्यावर आकृती काढून.

१० डिसेंबर, बुधवार
झोप नाही. सामन्याच्या दिवशी माधुरीच्या संघाचे क्रीडाशिक्षक हरकत घ्यायला आले होते. मी ऐटीत म्हणालो, हा पंचाचा अंदाज आहे, अंदाजावर हरकत चालत नाही. ते खरंच आहे, म्हणून बिचारे मागे फिरले. अहवालातही तेच लिहिलं, ‘पंचाच्या अंदाजानुसार’.

पण अंदाज केला कुठे? माधुरी कुठे आहे हे मी पाहिलंच नाही. मी त्या दुपट्टेवाल्याकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, कुठून येतात ही माणसं. तोंडातून निघालं ते सवयीने निघालं. चुकीचा नियम लावला म्हटलं असतं तर हरकत चालली असती, तिथून पुढे सामना पुन्हा खेळवता आला असता. अंदाज म्हणून मी ती वाट बंद केली. त्या वेळी कळून केली की न कळता, हे मला आज सांगता येत नाही. म्हणजे बहुतेक कळून.

१३ डिसेंबर, शनिवार
राऊत साकोलीचा, त्याला तिकडचं कळतं. माधुरी बापाशी बोलत नाही. सरावाला जाणं बंद, ग्लव्ह कॉलेजात परत करून आली. बारावी आहे, शालेय स्पर्धांचं हे शेवटचं वर्ष. देवाजी भेटेल त्याला सांगतो, “माह्या हातानं पोट्टीचा खेळ खतम केलो.” कोणी म्हणतं जाऊ दे, कोणी हसतं. जेवण अर्ध्यावर आलंय म्हणे.

मी दोन्ही वेळा जेवतो.

१५ डिसेंबर, सोमवार
पत्र आलं. राज्याच्या पंचांच्या यादीसाठी जिल्ह्यातून माझं नाव गेलं. अकरा वर्षं वाट पाहिली याची. हिने शेजारी सांगितलंसुद्धा. मला म्हणाली, “आनंदाची बातमी आनं तुमचं तोंड कायले असं?” दात दुखतोय म्हटलं.

चूक कबूल केली तर यादीतून नाव जाईल, हे स्पष्ट आहे. विभागाचे सामने आजपासूनच सुरू, त्यामुळे माधुरीला त्यातून काही मिळणार नाही. असा हिशोब दिवसभर मांडत होतो. हिशोबात देवाजी धरलाच नव्हता. त्याला मिळालं असतं. आपल्या लेकीचं आपण वाटोळं केलं, हे ओझं त्याच्या डोक्यावरचं नाहीच. ते माझं. तो वाहतोय आणि मी बघतोय.

१८ डिसेंबर, गुरुवार
अर्धी रजा टाकून निघालो. भंडाऱ्यापर्यंत गेलो. स्टँडवर साकोलीची गाडी लागलेली होती. दोन केळी घेतली, खाल्ली, परतीच्या गाडीत बसलो. मी भेकड आहे. हे दुसरं कोणी म्हटलं असतं तर भांडलो असतो.

२१ डिसेंबर, रविवार
गेलो एकदाचा. देवाजी खळ्यावर होता, धानाचे भारे रचलेल्या पुंजण्याशेजारी. मला ओळखून लगबगीने उठला. मी काही बोलायच्या आत हात जोडले. “माफी करा जी सर. मले खेळातलं काही समजत नाही.”

घरी नेलं. मी सगळं सांगितलं. चेंडू तुम्ही उचलला त्याने काही बिघडत नव्हतं. त्यासाठीच नियम आहे. माधुरीला घरी पाठवायचं, रन द्यायचा, सामना तुमच्या पोरींचा. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. चूक माझी.

त्याने मान हलवत ऐकलं. मग म्हणाला, “तुमी भले मानूस आहा सर. माहं मन राखासाठी येवढ्या लांबून आले. पन उचललो त मीच ना जी.”

पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. तो हसून चहा ठेवायला आत गेला. खरं बोलायला एवढे दिवस लावले, आणि ते त्याने माझा चांगुलपणा म्हणून घेतलं. मला बसवेना.

माधुरी दाराशी उभी होती, सगळं ऐकत. म्हणाली, “तुमी मले पायलंच नव्हतं?”

“नाही.”

“मंग त्याच दिवशी काहून नाही सांगतलं? तेरा दिवस झाले, मी बाबाशी बोलली नाही.” आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं होतं.

कॉलेजची वही आणली, कोरं पान काढलं, पेन ठेवला. “लिहून द्या. तोंडचं बाबा मानत नाही. सही करून देसान त मानंन.”

मी पेन घेतला. कागद घरात राहील की त्यांच्या सरांकडे जाईल, तिथून आणखी कुठे, हे सगळं तेवढ्यात डोक्यातून जाऊन आलं. म्हटलं, घरी जाऊन नीट लिहितो, पोस्टाने पाठवतो.

“आताच काहून नाही?”

गाडी चुकेल म्हणालो. गाडीला पाऊण तास होता, तिलाही ठाऊक होतं. देवाजीने आणलेला चहा उभ्यानेच प्यालो. तो फाट्यापर्यंत सोडायला आला. ती आली नाही.

वर लिहिलं ते सगळं घडलं तसं आहे. निराळं लिहायचीही गरज नाही. खाली सही करून हीच पानं फाडून पाकिटात घातली तरी भागेल. पत्ता राऊतकडून घेतलाय. सही अजून केलेली नाही.