मंगळवार-शुक्रवारचं वारं

रविवार, ३ मार्च १९७४
आजपासून रोजनिशी. फालतू मजकूर नाही, फक्त विचार. पहिला विचार: डिझेल मिळत नाही, वीज टिकत नाही, वारा मात्र फुकट आणि त्याला कुणी विचारत नाही. सकाळपासून खोलीत येरझारा घालतोय. वच्छला म्हणाली, एवढं चालायचंच आहे तर दळण तरी आणा. आणलं.

मंगळवार, ५ मार्च
मिलच्या स्टोअरमध्ये बसून पवनचक्कीचं ड्रॉइंग काढलं. शेजारच्या टेबलावरचा गुरुबसप्पा म्हणाला, आन् वारा पडला तर? म्हटलं, आधी सर्व्हे करणार. त्यानं परत रजिस्टरात डोकं घातलं. सायन्सपुढे असंच होतं.

रविवार, १० मार्च
वळसंगला सासऱ्यांच्या शेतावर जाऊन आलो. सासरे म्हणजे महिपतीमामा; त्यांचं पाण्याचं इंजिन डिझेलवाचून बंद. यंदा हौसेनं कागदी लिंबाची रोपं लावलीत, त्यांना पाणी हवं. मामा मोट जुंपणार होते. म्हटलं, मोट? या जमान्यात? पवनचक्की मी उभारतो. बैल वैरागच्या पाहुण्यांकडे पाठवा, इथं उगाच वैरण खातात. मामांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, जावयाचा शब्द हाय, पाठवतो.

सर्व्हेही उरकला. मामांच्या विधवा बहीण बजाबाईआत्या शेतातच राहतात, त्यांनाच विचारलं. खेड्यात त्यांच्या भाषेत बोलावं लागतं, तेव्हाच खरी माहिती मिळते. म्हणून ‘वारा’ न म्हणता मुद्दाम ‘वारं’ म्हणालो. आत्या, हितं वारं येतं का? म्हणाल्या, येतं की! मंगळवारी आन् शुक्रवारी. लई येतं. किती जोरात? दोगी-तिगींनी धरावं लागतं म्हणे. आणि कमी कशानं होतं? लिंबू कापलं की उतरतं.
शेवटचं उत्तर डेटात घेतलं नाही. अंधश्रद्धा.

सोमवार, ११ मार्च
वच्छलाला सर्व्हे वाचून दाखवला. तोंडाला पदर लावून हसत सुटली. कारण सांगेना. नंतर एवढंच विचारलं, फिरायला लागली की थांबवायची कशी? सुरू व्हायच्या आधीच थांबवायची भाषा!

रविवार, ३१ मार्च
चक्की उभी! बाभळीचा सांगाडा, बांबूची पाती, चाकाला जोडलेला जुना हातपंप. पात्यांवर ताणायला घरातल्या सगळ्या चादरी नेल्या. सोलापुरी चादर, फाटायचं नाव नाही. वच्छलाला थंडीत सांगू.

मंगळवार, २ एप्रिल
कॅज्युअल लीव्ह टाकली. सर्व्हेप्रमाणे आज वाऱ्याचा वार. झाडाचं पान हलत नव्हतं, पण शेतात ही गर्दी! उद्घाटनाला आलेत असं वाटलं. चार शब्द बोलायला उभा राहणार, तोच बजाबाईआत्यांचे केस सुटले आणि त्या घुमायला लागल्या. दोघीतिघींनी धरलं. सगळे ओरडले, वारं आलं, वारं आलं! मी चटकन पात्यांकडे बघितलं.

नंतर उलगडा झाला. देवीचं वारं, अंगात येतं ते. वच्छलाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सहा वर्षं हिच्याशी संसार केला मी!

तत्त्वतः सर्व्हे चुकलेला नाही. शब्द चुकला.

मंगळवार, १६ एप्रिल
वारा नाही. बैल परत मागवले, तर पाहुण्यांनी नांगराला जुंपलेत, पाऊस पडल्याशिवाय देत नाहीत. मिल सुटली की एसटीनं वळसंग, आणि विहिरीतून घागरी. खांदे गेले. मामा रोज नुसती घागर पुढं करतात. बोलले असते तर बरं झालं असतं.

आज आत्यांच्या अंगात देवी आली तेव्हा, कुणाचं लक्ष नाही असं बघून, पाया पडलो. विचारलं, आई, वारं कधी येणार? आई घुमता घुमता म्हणाली, आलंय की!

शुक्रवार, १७ मे
रोपांना पालवी. माझ्या घागरींची! आता एकेक रोप ओळखतो. बांधाकडचं वाकडं रोप सगळ्यांत लाडकं. मामांनी आज आपणहून चहा दिला. पवनचक्की तशीच उभी. बाया येताजाता तिला हळदकुंकू लावतात.

रविवार, ७ जुलै
आषाढ. पाऊस लागून राहिलाय आणि वारा असा, की खिडकीची कडी तुटली. म्हणालो होतो ना! वारा आहे! आनंदानं घरभर फिरलो. वच्छला गारठून बसलीय. चादरी कुठं गेल्या, हे तिनं आज विचारलं. विषय बदलला.

सोमवार, ८ जुलै
वळसंगचा चनबसप्पा मिलच्या गेटवर निरोप घेऊन आला. चक्की गरागरा फिरतेय. वरून पाऊस, खालून पंप. लिंबाच्या वाफ्यांत गुडघाभर पाणी, निम्मी रोपं कुजली, वाकडं रोप सगळ्यांत आधी. पाती अशी फिरतात की जवळ जायची कुणाची छाती नाही. मामांनी विचारलंय, पावनं, ह्ये थांबवायचं कसं?

ड्रॉइंग काढून बघितलं. उलटं धरूनही बघितलं. ब्रेक नाहीच.
ती रोपं मी जगवली होती. रडू आलं, स्टोअरमध्ये, गुरुबसप्पाच्या समोर.
चनबसप्पा उत्तरासाठी खोळंबला होता. त्याला म्हटलं, उद्या मंगळवार आहे. आत्यांना सांग, एक लिंबू कापा.