पाचवा भाग आईच्या नावावर

ग्रंथपाल भूपेशभाऊ,

१. शनिवारी आई तुमच्याकडे मुलांच्या पुस्तकमालेचा पाचवा भाग मागायला आली.
२. तुम्ही म्हणालात, "वच्छलाबाई, हे लेकराइचं पुस्तक आहे. म्हातारपणी तुमाले काऊन पायजे?"
३. सगळे हसले. आईने पुस्तक टेबलावर परत ठेवले.

आई पन्नासाव्या वर्षी वाचायला शिकली. चार भाग तिने ओळीखाली बोट ठेवून वाचले. चौथ्याच्या शेवटी त्यातली मुलगी तलावाच्या मधोमध डोंग्यात अडकली आहे. आमचे घर मासेमारीचे. आई म्हणायची, "लिहिणाऱ्याले वल्हं मारता येत नाई, पण पोरगी हुशार आहे. तिले पाण्यात सोडून मी कशी राऊ?" आता म्हणते, "जाऊ दे, लेकराइचं आहे ते."

मी वीज उपकेंद्रात अभियंता आहे, नियम वाचायची सवय आहे. तुमच्या फलकावर वयाची अट नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवे होते, कारण मी दारातच उभी होते. पण आधीचे चारही भाग मी भाचीसाठी म्हणून नेले होते. मला भाची नाही. आईसाठी नेते, हे सांगायची मला लाज वाटली. पत्र द्यायचे तर हेही लिहावे लागते, म्हणून आधीची दोन पत्रे मी फाडली.

पाचवा भाग आईच्या नावावर मिळेल का, हे अठरा तारखेपर्यंत कळवावे.

रंजीता