तारखा शेवटी टाकू

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
ताईचा पाय प्लास्टरमध्ये. चार आठवडे तिचा पहिलीचा वर्ग माझ्याकडे. मुख्याध्यापिकाबाईंना तिने माझ्याबद्दल शब्द दिलाय. देताना डोळे मिटले होते म्हणे. आजवर बोटीवर होतो, सर्कशीच्या तंबूत होतो, दोन बेकऱ्या झाल्या. ताई म्हणते, सगळं अर्धवट सोडलंस. मी म्हणतो, अनुभव घेतला.
संकल्प: हे काम पुरं करायचं.
ताईने सांगितलंय, दर आठवड्याला प्रत्येक मुलाकडून एक पान घे, मनातलं. आधी बोलू दे, मग लिहू दे. बोर्डावरून उतरवून घ्यायचं नाही. कोपऱ्यात तारीख, त्याच दिवशी. महिनाअखेर पालकसभेत ती पानं बघून ठरणार, कोण दुसरीत जाणार. एका मुलीचं अडलंय. वर्षभर तिने स्वतःचं एक वाक्य लिहिलेलं नाही, नुसती पेन्सिलीला टोक करत बसते. टोकवाली. तिला लिहितं करणं हा माझ्या डाव्या हातचा मळ.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १.२५
आधी बोलायचं, म्हणून मीच बोललो. बोटीची गोष्ट. वादळापर्यंत आलो तर तास संपायला दहा मिनिटं. मग बोर्डावर चार ओळी लिहिल्या, मुलांनी उतरवल्या. आजच्यापुरतं. टोकवालीचं पान सगळ्यांत देखणं. अक्षर मोत्यासारखं. एका दिवसात लिहायला लागली. ताई उगाच काळजी करते.
तारखा राहिल्या. तेवीस कोपरे. शेवटी एकदम टाकू, वेळ वाचतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पुन्हा बोर्ड. (वादळ अर्धं राहिलं होतं.) मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, तारखा कुठायत? माझी पद्धत समजावली. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. आवडली असावी.
संध्या. ५.४०. तारखेचा शिक्का आणायला गेलो. दुकानदार जुना रेडिओ उघडून बसलेला. म्हटलं, सरका, मी बघतो. दोन तास बघितला. आधी खरखरत होता, आता तेही नाही. शिक्का विसरलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
आज बोर्ड नाही, ठरलंच होतं. पण समोरच्या बांधकामावर क्रेन आली. अख्खा वर्ग खिडकीत, सगळ्यांत पुढे मी. पान उद्या घेतो म्हणालो. टोकवालीने विचारलं, उद्या म्हणजे कधी. प्रश्न विचारते म्हणजे प्रगती आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार
ट्रकवाला दोस्त भेटला. उद्या समुद्राकडे निघालाय, येतोस का म्हणाला. ठाम नाही म्हणालो.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ६.४५
ट्रकमध्ये. फक्त शाळेपर्यंत सोड म्हटलंय.
६.५५. शाळा गेली. मुलं फाटकात हात हलवत होती. मीही हलवला.

२४ फेब्रुवारी, सोमवार
समुद्र छान होता. दोन दिवस वर्ग शिपाईकाकांनी सांभाळला. काका म्हणाले, फळ्यावर लिहायचं मला जमत नाही, म्हणून शुक्रवारी पोरांशी गप्पा मारल्या आणि कोरे कागद वाटले. गठ्ठा दिला. अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. चालायचंच, काकांना शिकवायचा अनुभव कुठला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ४
तारखा टाकायला बसलो आणि पंखा लावला. एकोणसत्तर पानं वर्गभर. कुठलं कधीचं, पत्ता नाही. डोकं शांत ठेवलं. प्रत्येकाचं वेडंवाकडं पान आधी, देखणी नंतर. ४, ११, २१ अशा तारखा टाकल्या, तीन वेगळ्या पेनांनी. वाचत बसायला वेळ नव्हता. बऱ्याच जणांनी ट्रक काढलाय. मुलांना ट्रक आवडतो.
काय ती प्रगती. माझेच डोळे भरून आले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
पालकसभा. ताई कुबड्या घेऊन आली. टोकवालीची आई पहिल्या बाकावर, पर्सचा बंद पिळत बसलेली. मुख्याध्यापिकाबाईंनी फाइल उघडली आणि टोकवालीचं ४ तारखेचं वेडंवाकडं पान मोठ्याने वाचलं.
"सर ट्रकमधून गेले. काका म्हणाले येतील. मी सरांच्या पेन्सिलीला टोक करून ठेवलं."
मग मला विचारलं, वीस तारखेला गेलेले सर हिला चार तारखेलाच कसे दिसले?
मी पंख्याबद्दल सांगू लागलो. ताईने नुसतं बघितलं, थांबलो. ती टोकवालीच्या आईला म्हणाली, "हे शेवटचं पान आहे. आणि तिचं स्वतःचं पहिलं."
आईने ते पान हातात घेतलं ते परत देईचना. टोकवाली दुसरीत. शिपाईकाकांना सगळ्यांनी खुर्ची दिली. मी उभाच होतो.

३ मार्च, सोमवार. सकाळी ११
ताई वर्गावर, पाय स्टुलावर. मी शेवटच्या बाकावर. मुख्याध्यापिकाबाईंनी झालं ते लिहून मागितलंय, एक पान. कोपऱ्यात तारीख टाकली, आजचीच. पुढे सुचेना. बोर्डाकडे बघितलं. टोकवाली उठून आली, टोक केलेली पेन्सिल माझ्यापुढे ठेवली आणि हळूच म्हणाली, "सर, तिकडे नाही बघायचं. मनातलं लिहायचं."
११.४०. तास संपला. तारखेखाली काही नाही. पान उद्या देतो म्हणालो.
टोकवालीने विचारलं, उद्या म्हणजे कधी.